सात वर्षांचा मुलगा बोलत नाही: टॅब घ्यायचा की थांबायचं?

मंगळवार पेठेतल्या एका आईनं विचारलंय. मुलगा सात वर्षांचा, जन्मापासून सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी. त्याला सगळं कळतं. तो हसतो, रुसतो, हट्ट करतो, पण तोंडातून एक-दोन आवाजांपलीकडं काही येत नाही. हात मनासारखा जात नाही, नजर मात्र नेमकी जाते. कुणीतरी सांगितलं की नजरेवर चालणारं यंत्र घ्या, निदान मोठा टॅब तरी घ्या. सासूबाईंना भीती आहे की यंत्र दिलं तर पोरगं कायमचं मुकं राहील. आणि टीव्हीवर शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची यंत्रानं बोलणारी खुर्ची बघितल्यापासून घरात एकच प्रश्न आहे: तसलं काही आपल्याकडं मिळेल काय?

ताई, आधी पैशाचं सांगते. टॅब आत्ता घेऊ नका. पुढं लागेल, कदाचित नजरेवर चालणारं यंत्रही लागेल. पण पुढच्या सहा महिन्यांत तुम्हाला जे लागणार आहे ते हजार रुपयांच्या आत होतं आणि त्यातलं निम्मं कोल्हापुरातल्या रेडियमवाल्याकडं मिळतं.

बावीस वर्षं मी या गावात वाचा-उपचाराचं काम करते. कपाटात पडून राहिलेली यंत्रं मी इतक्या घरांत बघितली आहेत की आता घरात शिरताना आधी कपाटाकडंच लक्ष जातं. यंत्र वाईट नसतं, मूलही हुशार असतं. चुकतं ते असं: आपण मुलाच्या पुढ्यात चित्रांचा फळा, म्हणजे रोजच्या शब्दांची चित्रं लावलेली पाटी, ठेवतो आणि म्हणतो, "हं, आता सांग." साधं तान्हं मूल पहिला शब्द काढण्याआधी जवळजवळ वर्षभर आपलं बोलणं ऐकत असतं. तुमच्या मुलानं सात वर्षं मराठी ऐकली, पण चित्रांवरून बोलताना एकाही माणसाला बघितलं नाही. जी भाषा घरात कुणीच बोलत नाही ती त्यानं एकट्यानं कशी बोलावी?

म्हणून पहिले दोन-तीन महिने फळा त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तुम्ही तोंडानं "चल, बाहेर जायचं" म्हणाल तेव्हा फळ्यावरच्या 'चल' आणि 'बाहेर' वर बोट ठेवायचं. आजी "झालं काय जेवून?" म्हणतील तेव्हा 'झालं' वर बोट. प्रत्येक शब्द दाखवायची गरज नाही, वाक्यातला एखाद-दुसरा पुरे. त्यानं उलट काही दाखवलंच पाहिजे असा आग्रह नको, परीक्षा नको. हे एवढं एक घरानं केलं तर बाकीचं मी शिकवू शकते. हे झालं नाही तर लाखाचं यंत्रही मला त्याच्यासाठी बोलतं करता येत नाही.

आता आजींची भीती. ती मी हसण्यावारी नेत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी हे विचारतंच आणि विचारणाऱ्याला मुलाची काळजीच असते. या प्रश्नावर झालेले अभ्यास मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये एकत्र तपासले. त्यातले नीट काटेकोरपणे झालेले अभ्यास २७ जणांचे होते. चित्रं, खुणा, यंत्रं वापरायला लागल्यावर २७ पैकी २४ जणांचं तोंडी बोलणं थोडंफार वाढलं, तिघांचं होतं तसंच राहिलं, कमी एकाचंही झालं नाही. ही वाढ बहुतेकांत बेताची होती, तेही सांगायला हवं. तुमच्या मुलाच्या ओठ-जिभेच्या स्नायूंवर सीपीचा किती परिणाम आहे हे मी त्याला बघितल्याशिवाय सांगणार नाही, आणि "बोलेल, काळजी करू नका" असं तर मुळीच नाही. तोंडाचे व्यायाम, गिळण्याचं काम, आवाज काढण्याचा सराव हे सगळं चालूच राहील. फळा त्याच्या आड येत नाही. उलट, सांगितलेलं समोरच्याला पोचतंय हे कळलं की मूल आवाज काढायचाही जास्त प्रयत्न करतं. आजींना म्हणावं, काठी घेऊन चालणाऱ्याचे पाय काठीमुळं जात नाहीत.

सुरुवात 'हो' आणि 'नाही' पासून करा. तुम्ही लिहिलंय की तो हसला की हो समजता आणि गप्प राहिला की नाही. हे आजपासून बदला. गप्प राहण्याचे दहा अर्थ होतात: ऐकलं नाही, कंटाळा आला, विचार करतोय, प्रश्नच चुकीचा आहे. 'नाही' ला स्वतःची खूण हवी. तुमच्या मुलासाठी 'हो' म्हणजे वर छताकडं बघणं आणि 'नाही' म्हणजे बाजूला बघणं, असं मी सुचवेन. डोळे मिचकावण्यावर भरवसा ठेवू नका, डोळे आपोआपही मिटतात. मग उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारून खूण पक्की करा: "तू मुलगी आहेस काय?", "ही आजी काय?" प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. सीपीच्या मुलाला नजर हलवायचं ठरवून ती हलवायलाच वेळ लागतो. आपण तिसऱ्या आकड्याला प्रश्न बदलतो आणि तो बिचारा पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला देऊन बसतो.

पण हो-नाहीवर थांबू नका. "पाणी पाहिजे? भूक लागली? शू आली?" असं दिवसभर विचारत राहिलं की मूल फक्त उत्तर देणारं होतं, विषय नेहमी आपलाच. त्याला स्वतः विषय काढता यायला हवा.

त्यासाठी रेडियमवाला. नंबरप्लेट, पाट्या करणाऱ्याकडून साधारण दोन फूट बाय दीड फूट पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची शीट कापून घ्या. कडा घासून गुळगुळीत करून घ्या आणि मधोमध चेहऱ्याएवढी मोकळी खिडकी पाडून घ्या. कडेनं सहा जागा: वर तीन, खाली तीन. प्रत्येक जागेला एका रंगाच्या रेडियमचा ठिपका. तुम्ही मुलाच्या समोर बसायचं, शीट दोघांच्या मध्ये उभी धरायची. तो ज्या जागेकडं बघेल ती तुम्हाला त्याच्या डोळ्यांवरून कळते. पहिल्या आठवड्यात दोनच फोटो लावा, डावीकडं एक, उजवीकडं एक. मग चार, मग सहा. त्याला पुरता सराव झाला की दोन नजरांची युक्ती शिकवायची. प्रत्येक जागेत सहा शब्दांचा गट लावायचा आणि त्या सहा शब्दांना सहा रंगांच्या चौकटी करायच्या. तो आधी गटाकडं बघतो, मग हव्या त्या शब्दाच्या रंगाच्या ठिपक्याकडं. सहा सक छत्तीस. दोन नजरांत छत्तीस शब्द, ना बॅटरी ना चार्जर. यासाठी त्याला नीट बसवणं मात्र फार महत्त्वाचं आहे. कंबर मागं टेकलेली, पाय अधांतरी नाहीत, मान सावरलेली. फिजिओच्या ताईंना विचारून खुर्ची आधी ठीक करा. शरीर सावरण्यात सगळी ताकद गेली तर नजरेला ती उरत नाही.

आता छत्तीस शब्द कुठले, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाजारात आणि नेटवर मिळणारे बहुतेक तक्ते इंग्रजी वाक्यावरून बेतलेले असतात, मग कुणीतरी त्यावर मराठी शब्द चिकटवतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'पाहिजे, नको, झालं, दे, चल, थांब' हे शब्द शेवटच्या, म्हणजे त्याच्या उजवीकडच्या गटांत ठेवा. 'मी' च्या आधी 'मला' शिकवा. 'मला पाहिजे', 'मला आवडतं', 'मला जायचंय' यांत बोलणारा मुलगा की मुलगी याचा प्रश्न येत नाही. 'मी' म्हटलं की लगेच जातो-जाते आलं. नुसतं 'घर' आणि 'शाळा' लिहून उपयोग नाही. 'घरी', 'शाळेला', 'आजीकडं' असे बोलण्यात येतात तसे तयार शब्द घ्या. 'अजून', 'कुठं', 'कोण', 'कशाला', 'बघ', 'हे', 'तिथं' ही छोटी माणसं फार काम करतात. सफरचंद आणि विमान नंतर येऊ द्या.

आणि तुमच्या घरात बोलता तेच शब्द लिहा. माझ्याकडं एक मुलगी यायची, तिच्या अ‍ॅपमधला आवाज "मी येते, मी जाते" म्हणायचा. ती ते बटण दाबतच नसे. तिच्या घरात आई, काकी, आजी सगळ्या आपल्या कोल्हापुरी रीतीनं "मी आलो, मी जातो" म्हणणाऱ्या; मीही घरात असंच बोलतो. तिच्या चुलत बहिणीच्या आवाजात "मी येतो की!" रेकॉर्ड करून दिलं, त्या दिवसापासून बटण सुटेना. तेव्हा 'लई भारी' ठेवा, 'गप की' ठेवा, 'जेवलास काय' ठेवा. पुस्तकी मराठी त्याला शाळेत शिकता येईल.

चार वाक्यं मात्र माझ्या आग्रहाखातर पहिल्या दिवसापासून हवीत. 'तसं नाही.' 'मला वेगळं सांगायचंय.' 'इथं तो शब्द नाही.' 'दुखतंय.' पहिल्या तीन वाक्यांमुळं तो तुमचा चुकलेला अंदाज दुरुस्त करू शकतो. ती नसतील तर तो रडतो आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. चौथ्यासोबत शरीराच्या सगळ्या अवयवांचं एक पान करा, झाकलेल्या अवयवांसकट, आणि त्याच पानावर 'हात लावू नको', 'मला मारलं', 'भीती वाटते' आणि घरातल्या, शाळेतल्या, रिक्षातल्या माणसांचे फोटो. हे पान करताना आया थबकतात, मला समजतं. पण ज्या मुलाला सांगता येत नाही त्याला त्रास देणाऱ्याला त्याचं गप्प राहणंच सोयीचं असतं. हे पान टाळू नका.

गरजेपुरतं बोलणं म्हणजे बोलणं नव्हे, हेही आपण विसरतो. मूल फक्त पाणी मागायला बोलत नाही. चिडवायला बोलतं, भांडायला बोलतं, गर्दीत ओरडायला बोलतं. एकच वाक्य रेकॉर्ड होणारं मोठं बटण मिळतं, फोनमध्येही तशी सोय करता येते. हात नेमका जात नसला तरी एवढं मोठं बटण कोपरानं, डोक्यानंही दाबता येतं. माझ्याकडच्या एका मुलाच्या बटणात त्याच्या काकानं चैत्र यात्रेआधी "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!" भरून दिलं. यात्रेत, गुलालात न्हालेल्या गर्दीत त्यानं पहिल्यांदा हाळी दिली आणि पन्नास माणसांनी त्याला ओ दिली. ते पोर घरी आल्यावर रात्रभर झोपलं नाही म्हणे. तुमचा मुलगा वडिलांबरोबर फुटबॉल बघायला जातो असं लिहिलंय. मग आपल्या गावचे संघ, पाटाकडील की शिवाजी, तुमच्या घरात जे काय असेल ते, आणि एक 'गोल!' भरा. शाळेत हजेरीला 'हजर बाई!' भरा. आवाज त्याच्याच वयाच्या मुलाचा घ्या. सात वर्षांच्या पोराच्या तोंडी चाळिशीतल्या बाईचा आवाज बसत नाही.

आवाजावरून हॉकिंग यांच्याकडं येते. १९८५ मध्ये न्यूमोनियानंतर श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा उरलासुरला आवाज गेला. नंतर जो यांत्रिक आवाज मिळाला तो अमेरिकी ढबीचा होता, ते स्वतः इंग्लंडचे. पुढं जास्त चांगले आवाज आले तरी त्यांनी तो बदलला नाही, कारण तोच त्यांचा झाला होता. शेवटच्या वर्षांत ते गालाच्या स्नायूच्या हालचालीवर शब्द निवडत आणि वेग मिनिटाला एखाद-दोन शब्दांवर आला होता. त्यांच्यासाठी केलेलं सॉफ्टवेअर इंटेल कंपनीनं २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, पण ते लिहिता येणाऱ्या मोठ्या माणसासाठी आहे. तुमच्या घरानं त्या खुर्चीकडून एक गोष्ट मात्र घ्यावी. आपण मिनिटाला शंभरावर शब्द सहज बोलतो. चित्रांवरून, यंत्रावरून बोलणाऱ्याला पंधराही जड जातात. जगातलं सगळ्यात भारी यंत्र असलं तरी समोरच्या माणसाला थांबावंच लागतं.

नजरेवर चालणारी यंत्रं डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतात आणि डोळ्यावरची त्याची चमक कॅमेऱ्यानं टिपतात. मान सारखी हलत असेल किंवा खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ती गडबडतात. अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर त्याची नजर पक्की झाली की मग असं यंत्र आधी वापरून बघायचं, आणि चाचणी न देता विकणाऱ्याकडून घ्यायचं नाही. एका कुटुंबानं म्हशी विकून आणलेलं यंत्र त्यांच्या मुलीच्या मानेला झेपलंच नाही. ते मी विसरू शकत नाही.

मोबाइलवर मात्र आजच एक गोष्ट करा. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे अ‍ॅप अँड्रॉइडवर मोफत आहे आणि मराठीत आहे. त्यात मधोमध विषयांची चित्रं आणि कडेला आवडतं-आवडत नाही, हो-नाही, अजून-कमी अशी भावनेची बटणं असतात. चित्र दाबून कडेचं बटण दाबलं की अख्खं वाक्य ऐकू येतं, त्यामुळं व्याकरण जुळवत बसावं लागत नाही. त्याचं बोट लागणार नाही, पण तुम्ही आणि आजींनी ते दाबून त्याच्याशी बोलायचंय. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' हे अ‍ॅपही चांगलं आहे, जास्त शब्दांचं आहे, पण त्याला पैसे पडतात. त्याचा विचार वर्षभरानं.

आता शाळा. तुम्ही लिहिलंय की तो दुसरीच्या वर्गात बसतो, पण त्याला वाचायला घेत नाहीत, कारण तो वाचून दाखवू शकत नाही. ताई, यावर गप्प बसू नका. चित्रांचे छत्तीस शब्द कधीतरी संपतात, अक्षरं संपत नाहीत. शीटवर तीन शब्द लावा, 'कमळ' कुठं आहे विचारा, तो बघेल. हेच त्याचं वाचून दाखवणं. आणि आपली वर्णमाला तर अशा मुलांसाठीच मांडल्यासारखी आहे. क, च, ट, त, प हे पाच वर्ग पाच जागांवर. ङ आणि ञ गाळले की ही तेवीस अक्षरं होतात. सहाव्या जागेवर य, र, ल, व, स, ह. वर्गांमध्ये उरलेल्या सात रिकाम्या जागी श, ळ आणि अ, आ, इ, उ, ए. बरोब्बर छत्तीस, दोन नजरांत एक अक्षर. काना-मात्रा सुरुवातीला सोडून द्या, ऐकणाऱ्यानं अंदाज करायचा आणि त्यानं 'हो' म्हणायचं. कागलकडची एक मुलगी, बारा वर्षांची, या पद्धतीनं शिकली. लहानपणापासून तिला वरणभात कालवून भरवत, आणि तिला तेच आवडतं असं सगळ्या घराला ठाऊक होतं. अक्षरं जमल्यावर तिनं घरच्यांसमोर पहिल्यांदा जे सांगितलं त्याला पाच अक्षरं लागली: व, र, ण, न, क. वरण नको. तिची आई हसत होती आणि रडत होती.

शाळेनं ऐकलं नाही तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सोबत न्या. त्यातल्या संवादाच्या व्याख्येतच बोलण्याला पूरक आणि पर्यायी पद्धती येतात, आणि कलम १७ शिक्षणात त्यांच्या वापराला उत्तेजन द्यायला सांगतं. नम्रपणे, लेखी द्या. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात चौकशी करून काढा. सीपीसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात नियमित थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो.

मला भेटायला याल तेव्हा जुने रिपोर्ट कमी आणले तरी चालतील. त्याच्या माणसांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन या: मामा, शेजारची पोरं, रिक्षावाले काका, कुत्रा असेल तर कुत्रासुद्धा. तो रोज कुठल्या गोष्टीवर चिडतो त्याची यादी लिहून आणा. त्याचे पहिले शब्द तिथूनच काढायचे आहेत. आणि आजींना बरोबर आणा. दिवसभर तो त्यांच्याजवळ असतो, म्हणून फळ्यावर पहिलं बोट मी त्यांचंच ठेवून घेणार आहे.